नीतिमत्ता, आयुष्यातली आणि कामातली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक वगैरे नाही हे आधीच सांगतो. बरीच वर्षं क्वालिटी डिपार्टमेंटला काढली, मग ट्रेनिंगकडे आलो, आणि आता नवीन जॉइन झालेल्या मुलामुलींना जे सेशन्स असतात त्यातलं एथिक्सचं माझ्या गळ्यात पडलंय, म्हणजे दुपारचं ते सेशन ज्यात निम्मे लोक पेंगत असतात. गंमत अशी की सेशन चालू असताना कुणी काही विचारत नाही, संपलं की दाराशी गाठतात आणि मग खरे प्रश्न येतात. तेच इथे लिहून काढतोय, जसे आठवतील तसे.

नीतिमत्ता म्हणजे नक्की काय? एका वाक्यात सांगा.

आपल्या वागण्याने कुणाचं काय होणार याचा हिशोब ठेवणं, आणि तो कुणी मागितला नाही तरी ठेवणं.

दुसरा भाग महत्त्वाचा, कारण मागितल्यावर हिशोब सगळेच देतात, जुळवून का होईना. बाकी व्याख्या भरपूर आहेत. आपला 'नीती' शब्द 'नी' म्हणजे नेणे या धातूवरून आलाय, नेता आणि नायक हेही त्याच घरातले (आता त्यावर हसू नका). तिकडे एथिक्सचं मूळ ग्रीक 'इथॉस', म्हणजे स्वभाव, आणि ॲरिस्टॉटलने तेव्हाच दाखवून ठेवलंय की हा शब्द त्यांच्या 'सवय' या शब्दालाच जरासा वळवून झालाय. मला हे फार पटतं. नीतिमत्ता म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर मोठा प्रसंग येतो, कुणीतरी छाती पुढे काढून नाही म्हणतोय असा, पण तसा प्रसंग आयुष्यात एखाददोनदाच येतो, नाहीतर येतही नाही. बाकी सगळा सवयीचा मामला.

नैतिकता आणि नीतिमत्ता वेगळ्या आहेत का?

पुस्तकात फरक करतात, की नैतिकता म्हणजे समाजाने नाहीतर घराने दिलेली बऱ्यावाईटाची समज आणि नीतिशास्त्र म्हणजे त्या समजेची केलेली चिरफाड. परीक्षा असेल तर पाठ करा. ऑफिसात कुणी हा फरक करत बसलं की समजायचं त्याला मूळ विषय टाळायचाय.

कायदा मोडला नाही म्हणजे झालं की, अजून काय पाहिजे?

हा प्रश्न दरवेळी येतो आणि मी दरवेळी तीच गोष्ट सांगतो. अमेरिकेत अलाबामा राज्यात टस्कीगी नावाचं गाव आहे, तिथे १९३२ मध्ये सरकारी आरोग्य खात्याने एक अभ्यास सुरू केला. सिफिलिस झालेले ३९९ कृष्णवर्णीय पुरुष, बहुतेक गरीब शेतमजूर, त्यांच्यात हा रोग शेवटपर्यंत कसा वाढत जातो ते बघायचं. त्यांना आजाराचं खरं नाव सांगितलंच नाही, 'तुमचं रक्त खराब आहे' एवढंच सांगायचे. १९४७ च्या सुमारास पेनिसिलिन हा त्यावरचा नेहमीचा उपचार झाला, तरी यांना दिला नाही, का तर अभ्यास बिघडेल. हे चाललं १९७२ पर्यंत, म्हणजे ४० वर्षं! आणि हे काही तळघरात लपूनछपून नव्हतं बरं का, निष्कर्ष मेडिकल जर्नल्समध्ये उघड छापून येत होते, डॉक्टर वाचत होते, नर्स रजिस्टर भरत होत्या, सगळं कागदोपत्री चोख. आरोग्य खात्यातल्याच पीटर बक्स्टन नावाच्या कर्मचाऱ्याने १९६६ मध्ये लेखी हरकत घेतली, ती बाजूला ठेवली गेली, शेवटी त्याने माहिती पत्रकारापर्यंत पोचवली तेव्हा कुठे थांबलं. आज रुग्णाला नीट समजावून संमती घ्यायची वगैरे जे कडक नियम दिसतात, त्यातले बरेच या प्रकरणानंतरचे.

म्हणजे कायदा बहुतेक वेळा मागून येतो, कुणाचं तरी वाटोळं झाल्यावर. मधल्या काळात जे काही असतं ते माणसाच्या डोक्यातच असतं.

आणि एवढं लांब कशाला जायचं, ॲपचं सबस्क्रिप्शन घ्यायला एक बटण आणि बंद करायला सात स्क्रीन, त्यात शेवटच्या स्क्रीनवर 'नक्की?' विचारणारं बटण मुद्दाम फिकट रंगात. असं डिझाइन करणाऱ्याला कायद्याने कुठलाच त्रास होत नव्हता तेव्हाही त्याला माहीत होतंच ना आपण काय करतोय ते.

एवढ्याशा गोष्टीने काय फरक पडतो?

इथे माझीच गोष्ट सांगावी लागेल. नोकरीचं दुसरं वर्ष. काम असं की दर तासाला मशीनवरून निघालेले पार्ट उचलायचे, मायक्रोमीटर लावायचा, रीडिंग शीटवर लिहायचं, शिफ्ट संपली की खाली सही. एका नाइट शिफ्टला दुसऱ्याच मशीनच्या सेटिंगमध्ये अडकलो आणि चार तासांचे कॉलम रिकामे राहिले. सीनियर म्हणाला, अरे भरून टाक ना, काल जे आलं तेच येणार, प्रोसेस स्टेबल आहे. भरले. पार्ट खरंच चांगले होते, काहीसुद्धा झालं नाही.

आणि तिथेच घोळ झाला, काही झालं नाही म्हणून. पुढच्या आठवड्यात दोन कॉलम असेच, मग थंडीत जागेवरून उठायचा कंटाळा म्हणून तीन, आणि दोनेक महिन्यांत अशी वेळ आली की शिफ्ट सुरू व्हायच्या आधीच मी अख्खी शीट भरून मोकळा. हातही असा बसला की आकडे जरा जरा वरखाली कसे ठेवायचे, मध्येच एखादा लिमिटच्या जवळ कसा टाकायचा म्हणजे खरं वाटतं, हे सगळं जमायला लागलं, खोटं सांगत नाही, मला तेव्हा त्याचं थोडं कौतुकही वाटायचं.

पकडलं कस्टमरकडून आलेल्या ऑडिटरने. त्या माणसाने आकडे वाचलेच नाहीत. शीट ट्यूबलाइटखाली तिरकी धरली आणि विचारलं, बाकी सगळ्या शीट्सवर तेलाच्या बोटांचे ठसे आहेत, ही एवढी स्वच्छ कशी काय? आठ तासांच्या आठ नोंदी, शाई एकसारखी, पेनाचा दाब एकसारखा, आणि कागदावर तेलाचा एक डाग नाही. मशीनवर उभं राहून भरलेली शीट अशी दिसूच शकत नाही. खाली माझी सही, छान वळणदार.

मग तीन दिवसांचा सगळा माल थांबवून एकेक पार्ट पुन्हा मोजला, मोजणाऱ्यांत मीही होतोच. पहिल्या दोन दिवसांचा माल व्यवस्थित निघाला. तिसऱ्या दिवशी दुपारनंतर टूल झिजायला लागलं होतं, आणि माझ्या शीटवर त्या वेळेला अगदी सुंदर आकडे होते.

आपल्याकडे म्हणतात ना, म्हातारी मेल्याचं दुःख नाही पण काळ सोकावतो. नियमातून थोडं हटलं, काही बिघडलं नाही, म्हणून तेवढं हटणं हाच नवा नियम, मग त्याच्याही पुढे थोडं. डायन वॉन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी नासाचा अभ्यास करून या प्रकाराला नावच दिलंय, चुकीच्या गोष्टीचं हळूहळू 'नॉर्मल' होत जाणं. आणि ७ जानेवारी २००९ ला सत्यम या आयटी कंपनीच्या प्रमुख रामलिंग राजूंनी जे कबुलीपत्र लिहिलं त्यातही हेच आहे, की खरा नफा आणि पुस्तकात दाखवलेला नफा यातली फट सुरुवातीला किरकोळ होती, ती वाढतच गेली, आणि मग वाघावर बसल्यासारखं झालं, उतरावं कसं ते कळेना कारण उतरलो तर तो खाणार. ७,००० कोटींहून मोठा घोटाळा, पण सुरुवात माझ्या चार रिकाम्या कॉलमसारखीच की.

सगळेच करतात, मग मी एकट्यानेच का शहाणं व्हायचं?

'सगळेच' म्हणजे किती ते एकदा मोजून बघा. बहुतेक वेळा आपल्या ओळखीतले चारपाच जण निघतात.

आणि समजा खरंच सगळे करतायत, तरी भोगायची वेळ येते तेव्हा सगळे मिळून भोगत नाहीत. फोक्सवॅगनचं प्रकरण २०१५ मध्ये बाहेर आलं, डिझेल गाड्यांच्या सॉफ्टवेअरला कळायचं की आपली टेस्ट चालू आहे आणि तेवढ्यापुरता धूर नियमात यायचा, रस्त्यावर गाडी आली की काही प्रदूषक मर्यादेच्या ४० पटींपर्यंत. जगभरात १ कोटी १० लाखांच्या आसपास गाड्या. एवढं काम एकट्यादुकट्याने होत नाही, टीमच्या टीम लागल्या असणार. अमेरिकेत त्यातल्या एका इंजिनिअरला २०१७ मध्ये ४० महिन्यांची कैद झाली, आणि ती त्याच्या एकट्याच्या नावावर.

याची दुसरी बाजूही आहे आणि ती मला जास्त आवडते. मानसशास्त्रज्ञ स्टॅनली मिलग्रॅमचे ते शॉकवाले प्रयोग माहीत असतील, येल विद्यापीठातले, १९६३ ला छापून आले. समोरच्या माणसाने उत्तर चुकवलं की त्याला विजेचा झटका द्यायचा (झटका खोटा होता, देणाऱ्याला माहीत नव्हतं), आणि बाजूला उभे असलेले साहेब शांतपणे म्हणणार, पुढे चला. ४० पैकी २६ जण पार ४५० व्होल्टच्या शेवटच्या बटणापर्यंत गेले. हे सगळे सांगतात. पण त्याच प्रयोगाचे बाकीचे प्रकार कुणी फारसे सांगत नाही. एकात शेजारी अजून दोन जण बसवले होते, आधीच पढवून ठेवलेले, ते मध्येच 'आम्ही नाही करणार' म्हणून उठले. मग शेवटपर्यंत किती गेले? ४० पैकी ४. म्हणजे तुम्ही नाही म्हटलंत तर बॉस बदलेल न बदलेल, पण शेजारच्याला नाही म्हणणं सोपं होतं, हे नक्की.

बॉसनेच चुकीचं करायला सांगितलं तर?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि दार लावून विचारला जाणारा.

आधी एका रात्रीबद्दल सांगतो. २७ जानेवारी १९८६. दुसऱ्या दिवशी सकाळी चॅलेंजर यान उडणार, आणि फ्लोरिडात त्या रात्री कडाक्याची थंडी. रॉकेटच्या जोडांमध्ये रबराच्या रिंगा असतात, ओ रिंग, त्या थंडीत कडक होतात आणि नीट सील करत नाहीत, हे रॉकेट बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीच्या इंजिनिअर लोकांना ठाऊक होतं. रॉजर बॉइजोली यांनी तर सहा महिने आधी लेखी मेमो दिला होता की माणसं जातील. त्या रात्री फोनवर लांबलचक मीटिंग झाली, इंजिनिअर म्हणत होते १२ अंश सेल्सिअसच्या खाली उडवू नका, नासाला ते पसंत नव्हतं. मग कंपनीचे चार वरिष्ठ बाजूला बसले आणि त्यातल्या इंजिनिअरिंगच्या प्रमुखाला सांगण्यात आलं, आता इंजिनिअरची टोपी काढ आणि मॅनेजमेंटची टोपी घाल. (मराठीत टोपी घालणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.) निर्णय फिरला. सकाळी तापमान २ अंशांच्या आसपास होतं, यान उडालं, ७३ सेकंदांत फुटलं, सातही अंतराळवीर गेले.

या गोष्टीतला माझा माणूस वेगळाच आहे, ॲलन मॅकडोनाल्ड. हे कंपनीतर्फे उड्डाणाच्या जागी हजर होते आणि 'उडवायला हरकत नाही' या कागदावर सही त्यांनी करायची होती. त्यांनी केली नाही. आरडाओरडा केला नाही, राजीनामा फेकला नाही, फक्त सही केली नाही. सही मग दुसऱ्याच अधिकाऱ्याने केली आणि कागद फॅक्सने आला. यान काही थांबलं नाही. पण चौकशी आयोगासमोर आदल्या रात्री काय झालं ते मॅकडोनाल्ड उठून बोलले आणि तिथून सगळी कहाणी उलगडली.

आता तुमच्याआमच्यासाठी. आपल्यासमोर काही रॉकेट नसतं, 'जरा तारीख मागची टाक', 'हे कस्टमरला आत्ता सांगू नको' असलं असतं. मी शिकवतो ते असं. पहिली गोष्ट, लगेच हो म्हणू नका आणि लगेच आरोपही करू नका, प्रश्न विचारा: "सर, उद्या कुणी मला विचारलं की हे असं का केलं, तर काय सांगू?" बरेच बॉस इथेच थबकतात, कारण त्यांनीही घाईत विचार केलेला नसतो. थबकले नाहीत तर, "मेलवर टाकाल का म्हणजे माझ्याही लक्षात राहील." जे तोंडी सांगायला सोपं असतं ते लिहायला फार जड जातं, निम्मी प्रकरणं तिथेच मरतात. मेल आलाच नाही तर तुम्हीच पाठवा, साध्या भाषेत, 'आज आपलं असं बोलणं झालं, मला याबाबत अशी अडचण वाटते.' तारीखवार वहीत नोंद ठेवा. आणि तरीही दबाव आलाच तर सही करू नका. काम थांबवणं तुमच्या हातात नसेल, सही मात्र असते.

त्याच्याही वर जायचं असेल, तक्रार समितीकडे किंवा बाहेर, तर एकट्याने आणि रागाच्या भरात जाऊ नका, कायदा जाणणाऱ्याशी बोला आणि कागद काय आहेत ते आधी बघा.

आमच्या कंपनीत भलीमोठी कोड ऑफ कंडक्ट आहे, मग काळजी कशाला?

एन्रॉन या अमेरिकन ऊर्जा कंपनीची ६४ पानांची होती. जुलै २००० मध्ये वाटली, आदर, सचोटी वगैरे छान छान शब्द होते त्यात. डिसेंबर २००१ मध्ये कंपनी दिवाळखोरीत.

हितसंबंध म्हणतात ते नक्की काय? माझ्या भावाची फर्म चांगलंच काम करते हो.

करतही असेल. पण तळे राखी तो पाणी चाखी ही म्हण काही उगाच झालेली नाही. हितसंबंधात अडकणं म्हणजे तुम्ही चोर आहात असं कुणी म्हणत नाही, एवढंच म्हणतात की तुमचा निर्णय कशामुळे झाला हे आता बाहेरून कुणाला कळणार नाही, आणि खरं सांगू का, तुम्हालाही कळणार नाही. आर्थर अँडरसन ही एन्रॉनची ऑडिटर. २००० या एका वर्षात तिला एन्रॉनकडून ऑडिटचे साधारण २.५ कोटी डॉलर मिळाले आणि वरून कन्सल्टिंगचे २.७ कोटी. अशा गिऱ्हाइकाला 'तुझे हिशोब खोटे आहेत' म्हणायला जीभ कशी उचलणार? कुंपणच शेत खायला लागतं ते असं, आणि बहुतेक वेळा कुंपणाला आपण खातोय हे जाणवतही नाही.

उपाय कंटाळवाणा आहे पण चालतो. आधी लेखी सांगा की हा माझा भाऊ आहे, आणि निर्णयाच्या खोलीतून बाहेर पडा. भावाला काम मिळायचं असेल तर मिळेल.

गिफ्ट घेतलं तर काय बिघडलं?

टेबलावर सगळ्यांसमोर ठेवता येतंय का? येत असेल तर घ्या. पिशवी घरी न्यायच्या आधी गाडीत लपवावी लागली तर तुम्हाला उत्तर माहीत आहे.

माझीच चूक झाली आणि कुणाच्या लक्षात आली नाही, तर सांगायची का?

१९७८ मध्ये न्यूयॉर्कच्या सिटीकॉर्प इमारतीचं असंच झालं. ५९ मजले, खाली अवाढव्य खांब आणि तेही कोपऱ्यांत नाहीत, बाजूंच्या मध्यावर. इमारत वापरात आल्यावर तिचे स्ट्रक्चरल इंजिनिअर विल्यम लेमेझ्युरिए यांच्या लक्षात आलं की तिरप्या वाऱ्याचा जोर धरला तर हिशोब बसत नाही, त्यात वेल्डिंगऐवजी बोल्ट वापरलेले. कुणालाच कळलेलं नव्हतं, गप्प बसले असते तरी चाललं असतं, निदान मोठं वादळ येईपर्यंत. त्यांनी मालकांना जाऊन सांगितलं, आणि मग रात्री रात्री वेल्डर लावून जोड मजबूत केले, काम चालू असतानाच एक चक्रीवादळ शहराकडे सरकायला लागलं होतं ते नशिबाने वळलं.

बरेच ठिकाणी ही गोष्ट इथेच थांबवून टाळ्या घेतात. पण त्या इमारतीत काम करणाऱ्या आणि आजूबाजूला राहणाऱ्या लोकांना यातलं काहीही सांगितलं नव्हतं, बाहेर आलं १९९५ मध्ये, म्हणजे १७ वर्षांनी. आता चूक कबूल करणारा हा माणूस नीतिमान की लोकांना अंधारात ठेवणारा? मला विचाराल तर दोन्ही. मालकांना सांगितलं म्हणून मान द्यावा, आणि ज्यांच्या डोक्यावर ते ५९ मजले होते त्यांना सांगायला हवं होतं हेही म्हणावं. सेशनमध्ये यावरून दरवेळी भांडणं होतात आणि मी होऊ देतो.

तुमच्या चुकीचं म्हणाल तर लवकर सांगा. पहिल्या दिवशी सांगितलेली चूक ही चूक असते, महिन्याने सापडलेली असेल तर सगळे विचारतात की महिनाभर काय करत होतास.

कधीच खोटं बोलायचं नाही का मग?

जर्मन तत्त्वज्ञ कांट म्हणायचा, कधीच नाही. दारात खुनी येऊन तुमचा मित्र आत आहे का विचारतोय, तरी नाही, १७९७ चा त्याचा निबंधच आहे तसा. मी एवढा कडक नाही, मी मित्राला वाचवेन आणि मला कांटच्या लायनीत बसायचं नाही. पण एक आहे, ऑफिसात लोक हे खुन्याचं उदाहरण देतात आणि खोटं मात्र सेल्स टार्गेटसाठी बोलतात.

नीतीने वागून फायदा होतो का? खरं सांगा.

खरं सांगायचं तर दरवेळी नाही. बॉइजोलींना त्या कंपनीत नंतर कुणी धड बोलेना, शेजारीपाजारीही तुटले, तब्येत गेली, नोकरी सोडली. १९८८ मध्ये विज्ञानातल्या जबाबदारीसाठी मोठा पुरस्कार मिळाला, पण पुरस्काराने गेलेली वर्षं येत नाहीत. मॅकडोनाल्ड यांना कामावरून बाजूला सारलं, मग अमेरिकन काँग्रेसने डोळे वटारल्यावर परत घेतलं, आणि पुढे तोच जोड नव्याने डिझाइन करायचं काम त्यांच्याच हाती आलं. एकाच रात्रीचे, एकाच बाजूचे दोघं, आणि नशीब वेगळं.

'एथिक्स इज गुड बिझनेस' असं पोस्टर लावतात ना, ते मला जरा खटकतं, कारण फायदा होतो म्हणून नीती पाळणारा माणूस फायदा थांबला की काय करणार? टायलेनॉल या वेदनाशामक औषधाचं उदाहरण हमखास देतात, १९८२ मध्ये शिकागोकडे कुणीतरी कॅप्सूलमध्ये सायनाइड घातलं, ७ जण गेले, जॉन्सन अँड जॉन्सनने देशभरातून ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या आणि लोकांचा विश्वास परत मिळवला. खरं आहे, चांगलंच केलं. पण त्याच कंपनीवर पुढे टाल्कम पावडरवरून हजारो खटले भरले गेले हेही खरंच आहे. एकदा नीट वागल्याचं सर्टिफिकेट जन्मभर चालत नाही.

पोटाचा प्रश्न असेल तर? उपदेश करणाऱ्यांना काय जातंय!

बरोबर आहे तुमचं. डोक्यावर कर्ज, घरात एकटा कमावणारा, आणि समोर 'कर नाहीतर जा' म्हणणारा माणूस, अशा वेळी लोका सांगे ब्रह्मज्ञान करणाऱ्यांचा मलाही राग येतो. ज्याच्या हातात पर्याय जास्त त्याची जबाबदारी जास्त, असं मी मानतो. मॅनेजरने ट्रेनीच्या सहीमागे लपणं आणि ट्रेनीने घाबरून सही करणं हे एका तराजूत घालता येत नाही. माझ्या शीटच्या वेळी वॉर्निंग लेटर मला मिळालं, 'भरून टाक' म्हणणाऱ्या सीनियरला नाही, आणि ते मला आजही बरोबर वाटत नाही, जरी सही माझी होती तरी.

पण तरीही एक सांगतो. अगदीच अडकलात तरी मनात त्या गोष्टीचं नाव बदलू नका. 'ॲडजस्टमेंट' म्हणू नका, खोटं आहे तर खोटंच म्हणा. नाव खरं ठेवलंत तर बाहेर पडायची संधी आली की ओळखता येते, नाव बदललं की मग ती संधीच दिसत नाही. आणि शक्य असेल तेव्हा थोडे पैसे बाजूला टाकत जा, तीनचार महिन्यांचा खर्च हातात असलेल्या माणसाला नाही म्हणणं किती सोपं जातं ते मी बघितलंय. नीतिमत्तेच्या सेशनमध्ये बचतीचा विषय का काढतो म्हणून एचआरवाले मला हसतात.

एआयकडून काम करून घेतलं आणि आपलं म्हणून दिलं तर?

ज्याला दिलं त्याने विचारलं तर सांगाल का, हा एक प्रश्न. आणि तपासलं का, हा दुसरा. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले खटल्यांचे दाखले तसेच कोर्टात दाखल केले, ते खटले अस्तित्वातच नव्हते, ५,००० डॉलर दंड झाला. न्यायाधीशांचं म्हणणं असं की साधन वापरण्यात गैर काही नाही, पण दाखल केलेल्या कागदाची खातरजमा वकिलानेच करायची. यंत्र सही करत नाही.

मुलांना कसं शिकवायचं?

शिकवू नका, ती बघत असतात. फोन वाजल्यावर "सांग, बाबा घरी नाहीत" हे एक वाक्य मूल्यशिक्षणाच्या अख्ख्या वर्षाला पुरून उरतं.

मी स्वतः आधी चुकीचं वागलोय, मग आता इतरांना सांगायचा हक्क आहे का मला?

हा प्रश्न मला एका मुलीने विचारला होता आणि तिला वाटलं मी चिडेन. नसता हक्क तर माझं सेशन पहिल्याच दिवशी बंद पडलं असतं. जी गोष्ट निस्तरता येते ती आधी निस्तरा, ज्याचं नुकसान झालं त्याला सांगा, आणि मग बोला, पण स्वतःला वगळून बोलू नका.

मी सेशनच्या सुरुवातीला दोन शीट्स फिरवतो. एक खरोखर मशीनवर उभं राहून भरलेली, दुसरी आदल्या रात्री मीच घरी टेबलावर बसून भरलेली, त्यासाठी फार विचार करावा लागत नाही, हात अजून बसलेला आहे. खोटी कुठली ते ओळखा म्हणतो. बहुतेक जण कॅल्क्युलेटर काढून आकडे तपासत बसतात. मागच्या बॅचला मागच्या रांगेतला एक मुलगा उठला, आधी शॉप फ्लोअरवर काम केलेला होता, दोन्ही शीट्स घेऊन खिडकीशी गेला आणि तिरक्या धरल्या.